मुरुमांच्या औषधांसोबत प्रोबायोटिक: काही महिन्यांचा अनुभव

आधी एक स्पष्ट करते. माझा चेहरा सुधारला, पण एकट्या प्रोबायोटिकने (उपयोगी जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलने) नाही. रात्री लावायला अ‍ॅडापॅलिन, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड (दोन्ही मुरुमांची मलमं) आणि पोटातून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालूच होतं. कॅप्सूल त्यांच्या जोडीला दिली होती.

सगळ्यात मोठा फरक पडला तो पोटाला. पूर्वी अँटिबायोटिक सुरू केलं की जुलाब लागायचे, पोट गच्च व्हायचं. मुरुमांसाठी ते आठवडेन् आठवडे घ्यावं लागतं, त्यामुळे कोर्स पूर्ण करणंच कठीण जायचं. या वेळी तो शेवटपर्यंत नेता आला. माझ्या लेखी या कॅप्सूलचं खरं मोल इथेच आहे. सुरुवातीला गॅसेस झाले, ते आपोआप थांबले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि कॅप्सूल यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं, कारण एकत्र घेतलं तर औषध या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. (काही प्रोबायोटिकमध्ये असणारी सॅकरोमायसिस बोलार्डी ही जिवाणू नसून यीस्ट आहे, तिच्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही.)

चेहऱ्याचं म्हणाल तर हनुवटीवरच्या लाल, ठणकणाऱ्या गाठी कमी झाल्या. अँटिबायोटिक थांबल्यावरही त्या उसळून आल्या नाहीत. यात कॅप्सूलचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. ब्लॅकहेड्सचं काम अ‍ॅडापॅलिननेच केलं असं मला वाटतं. जुने काळे डाग मात्र जागच्या जागी आहेत.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 45 स्त्रियांचे तीन गट केले होते: फक्त प्रोबायोटिक, फक्त मिनोसायक्लिन (हेही अँटिबायोटिकच) आणि दोन्ही. 12 आठवड्यांनी दोन्ही घेणाऱ्या गटाचे मुरूम सर्वाधिक कमी झाले. अभ्यास लहान होता आणि कोणाला काय दिलंय हे लपवलेलं नव्हतं, त्यामुळे एवढ्यावरून कुणी मलम-गोळ्या सोडू नयेत. पण 'जोडीला घ्या' या सल्ल्याला त्यातून बळ मिळतं, आणि माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे.

घेताना लेबलवर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' असेल तर थांबा. प्रजाती आणि स्ट्रेनचा (प्रजातीतल्या उपप्रकाराचा) कोड दोन्ही हवेत, कारण एका स्ट्रेनचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. जिवाणूंची संख्या एक्सपायरीपर्यंतची दिली आहे की फक्त उत्पादनाच्या वेळची, हेही बघा. मोठा आकडा म्हणजे जास्त गुण, असंही नसतं. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे अजिबात सुरू करू नका. अशा रुग्णांत या जिवाणूंमुळे रक्तात संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत.