इंकस्केप: सहा सेंटिमीटर म्हणजे सहाच सेंटिमीटर हवे असतील तेव्हा

दहावीच्या गणित भाग २ च्या सराव प्रश्नपत्रिका तयार करताना आकृत्यांची अडचण दर वर्षी नव्याने उभी राहते. मराठी मजकूर युनिकोडमुळे आता सुरळीत बसतो, समीकरणेही टंकता येतात. परंतु वर्तुळ, जीवा आणि स्पर्शिका यांची आकृती वर्ड प्रोसेसरमधल्या तयार आकारांतून जुळवायला गेले, की स्पर्शिका वर्तुळाला एका बिंदूत स्पर्श करण्याऐवजी त्याला किंचित छेदते किंवा केसभर अंतर राखून निघून जाते. पट्टी घेऊन आकृती मोजणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच. “बाई, इथे सहा सेंटिमीटर लिहिलंय, पण पाच पूर्णांक आठच भरतात,” असे तो म्हणाला, की “आकृती प्रमाणात नाही” हे ठरलेले उत्तर द्यावे लागते. त्या उत्तराचा कंटाळा आला म्हणून मी इंकस्केपकडे वळले, आणि गेली काही वर्षे भूमितीच्या बहुतेक सर्व आकृत्या त्यातच काढते आहे. हे परीक्षण त्या एकाच कामापुरते आहे. बोधचिन्हे, जाहिराती किंवा चित्रे काढण्यासाठी हे सॉफ्टवेअर कसे आहे, याविषयी येथे काही म्हणायचे नाही.

इंकस्केप हे मुक्त आणि मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअर असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. २००३ साली ते सोडिपोडी या जुन्या प्रकल्पातून वेगळे झाले आणि त्याची १.० ही आवृत्ती मे २०२० मध्ये आली. त्याची फाइल एसव्हीजी प्रकारची असते, म्हणजे आकृती ठिपक्यांच्या रूपात न साठवता ‘अमुक केंद्र, अमुक त्रिज्या’ अशा आकड्यांच्या रूपात साठवली जाते. भूमितीच्या शिक्षकाला जे हवे असते ते नेमके हेच. त्यामुळे वर्तुळ कितीही मोठे करून छापले तरी त्याच्या कडेला पायऱ्या दिसत नाहीत.

पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी अशी एक सवय म्हणजे माउसने ओढून माप साधण्याचा प्रयत्न न करणे. कंट्रोल दाबून ओढले की चौरस किंवा वर्तुळ मिळते, शिफ्ट दाबले की आकार केंद्रातून वाढतो, हे सारे ठीक. पण ते केवळ आकार पानावर टाकण्यापुरते. खरे माप वरच्या पट्टीतील चौकटीत टंकायचे असते. वर्तुळाचे साधन निवडलेले असताना तेथे दोन त्रिज्यांच्या चौकटी दिसतात. दोन्हींत ३२ मिमी लिहिले की ३.२ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ तयार होते. या चौकटी बेरीज-गुणाकारही समजून घेतात, त्यामुळे ‘१९२/६’ असे लिहिले तरी चालते.

मात्र येथेच एक सापळा आहे आणि नव्या माणसाचा पाय त्यात हमखास अडकतो. आयताच्या साधनातील रुंदी-उंचीच्या चौकटी आणि निवड-बाणाच्या साधनातील रुंदी-उंचीच्या चौकटी दिसायला सारख्या असल्या, तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मूळ मांडणीत निवड-बाण रेषेच्या जाडीसह माप दाखवतो. ६० मिमी बाय ४० मिमीचा आयत १ मिमी जाडीच्या रेषेने काढला, तर तो ६१ बाय ४१ दिसतो. आणि तेथे आपण भाबडेपणाने ६० लिहिले, तर प्रत्यक्ष बाजू ५९ मिमीच्या आसपास येऊन बसते. प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या विभागात बाउंडिंग बॉक्सचा, म्हणजे आकाराला बाहेरून वेढणाऱ्या चौकटीचा, पर्याय ‘व्हिज्युअल’ ऐवजी ‘जिओमेट्रिक’ केला, की हा घोळ कायमचा मिटतो. भूमितीसाठी इंकस्केप बसवणाऱ्याने सर्वांत आधी हेच करावे, असा माझा आग्रह आहे. मला हे कळेपर्यंत एका संपूर्ण प्रश्नसंचातील चौरस थोडे थोडे लहान छापले गेले होते, आणि दोष सर्वस्वी माझा होता.

पायथागोरसच्या प्रमेयाची परिचित आकृती घेऊ: ३, ४ आणि ५ सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर बाहेरच्या अंगाने काढलेले चौरस. पहिले दोन चौरस आडवे-उभे असल्याने चुटकीसरशी होतात. कर्णावरचा चौरस मात्र ३६.८७ अंशांतून फिरवावा लागतो, आणि कंट्रोल दाबून फिरवले तर आकार १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरत असल्यामुळे तो मार्ग निरुपयोगी ठरतो. ट्रान्सफॉर्मच्या चौकटीत कोन टंकावा लागतो. फिरवून झाल्यावर निवड-बाणाने पाहिले, तर ५० मिमीचा हा चौरस ७० मिमी रुंद असल्याचे दिसते. घाबरण्याचे कारण नाही. तेथे दिसणारे माप चौरसाच्या बाजूचे नसून त्याला बाहेरून वेढणाऱ्या आडव्या-उभ्या चौकटीचे असते, आणि ५० ला ०.८ व ०.६ यांच्या बेरजेने गुणले की ७० च येतात. आयताचे साधन निवडले की तेथे ५० जसेच्या तसे दिसते. म्हणून माप आधी द्यावे आणि आकार नंतर फिरवावा. उलट क्रमाने गेले की हिशेब डोक्यात करत बसावे लागते.

सुसम बहुभुजाकृतींचे साधन चांगले आहे, पण त्यात बाजूची लांबी थेट सांगण्याची सोय नाही, ही मला मोठीच उणीव वाटते. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत प्रश्न नेहमी ‘४ सेमी बाजू असलेला सुसम पंचकोन’ असाच असतो. षट्कोनाचे सोपे आहे, कारण समोरासमोरील शिरोबिंदूंमधील अंतर बाजूच्या दुप्पट असते. पंचकोन सपाट पायावर उभा असेल, तर त्याची रुंदी म्हणजे त्याचा कर्ण, आणि कर्ण हा बाजूच्या १.६१८ पट असतो. म्हणून निवड-बाणाच्या साधनात रुंदी-उंचीचे प्रमाण कायम राखणारे कुलूप लावून रुंदी ६४.७२ मिमी दिली की बाजू ४० मिमी होते. गणिताच्या शिक्षकाला यात गंमत वाटेल, पण प्रश्नपत्रिकेचे नुसते टंकलेखन करून देणाऱ्याने हे का शिकावे? याच साधनातील गोलाई आणि यादृच्छिकता यांचे आकडे पूर्वीच्या कामातले तसेच राहतात, हेही ध्यानात ठेवावे. गेल्या वेळी कोणी तेथे ०.०१ सोडले असेल, तर आजचा पंचकोन डोळ्याला बरोबर दिसेल, पण मोजल्यावर चुकीचा निघेल.

स्नॅपिंगची व्यवस्था मात्र मनापासून वाखाणण्यासारखी आहे. शिरोबिंदू, मध्यबिंदू, छेदनबिंदू आणि केंद्र यांना रेषेचे टोक आपोआप चिकटते. शिवाय सविस्तर पर्यायांत लंब आणि स्पर्शिका यांचीही सोय आहे. मी कसोटी म्हणून ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, केंद्रापासून ७ सेंटिमीटरवर बाहेर एक बिंदू घेतला आणि तेथून पेनच्या साधनाने वर्तुळाकडे रेषा नेली. योग्य जागी येताच टोक वर्तुळाला चिकटले आणि शेजारी स्पर्शिकेची सूचना उमटली. मोजपट्टीच्या साधनाने लांबी पाहिली तेव्हा ६३.२५ मिमी आली. ४० च्या वर्गमुळाला १० ने गुणून येणारे उत्तरही तेच आहे. फळ्यावर दोरी आणि खडू घेऊन जी रचना करायला दहा मिनिटे लागतात, ती येथे अर्ध्या मिनिटात होते. अर्थात, रचनेच्या पायऱ्या, म्हणजे मध्यबिंदू काढून त्याभोवतीचे साहाय्यक वर्तुळ आणि कंस, दाखवायच्या असतील तर त्या आपल्याला स्वतंत्रपणे काढाव्याच लागतात.

एक्स्टेन्शन्सच्या मेनूत रेंडर या विभागात त्रिकोणासाठी दोन साधने आहेत आणि ती बहुतेकांना ठाऊक नसतात. पहिल्यात तीन बाजू, किंवा दोन बाजू व त्यांमधील कोन, किंवा एक बाजू व दोन कोन देऊन त्रिकोण मिळतो. दुसरे साधन निवडलेल्या त्रिकोणाचे परिवर्तुळ, अंतर्वर्तुळ, मध्यगासंपात, लंबसंपात आणि नवबिंदू वर्तुळसुद्धा काढून देते. अकरावी-बारावीच्या मुलांना हे सारे एकाच त्रिकोणावर दाखवले, तेव्हा फळ्यावर कधी न जमलेली गोष्ट पडद्यावर स्वच्छ दिसली. पहिल्या साधनातील लांबी मात्र पिक्सेलमध्ये मागितली जाते. ९६ पिक्सेल म्हणजे २५.४ मिमी, त्यामुळे ६० मिमीच्या बाजूसाठी २२६.७७ लिहावे लागते. फाइल मिलिमीटरमध्ये, पान मिलिमीटरमध्ये आणि त्रिकोण तेवढा पिक्सेलमध्ये, हा कारभार माझ्या समजुतीपलीकडचा आहे.

याहून मूलभूत मर्यादा अशी, की इंकस्केप माप पाळते, नाते पाळत नाही. वरच्या उदाहरणातील बाहेरचा बिंदू आपण सरकवला, तर स्पर्शिका वर्तुळाला धरून राहत नाही. ती जेथे काढली तेथेच पडून राहते. रेषा काढतानाच्या क्षणी ती स्पर्शिका होती, एवढेच काय ते सत्य. पाथ इफेक्ट्समध्ये लंबदुभाजक किंवा तीन बिंदूंतून जाणारे वर्तुळ यांसारखे काही पर्याय आहेत, पण त्यांच्या भरवशावर अख्खी रचना उभी करता येत नाही. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके उलटे आहे. तेथे बिंदू हलवला की त्याच्याशी बांधलेली प्रत्येक रेषा हलते, आणि म्हणून अंतर्लिखित कोन केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो हे वर्गात हलवून दाखवायचे असेल, तर मी जिओजेब्राच उघडते. परंतु कागदावर छापायच्या आकृतीत रेषेची जाडी, अक्षरांची जागा, तुटक रेषेतील खंड आणि छायांकित भाग यांवर इंकस्केपइतका ताबा मला तेथे मिळत नाही. जिओजेब्रातून आकृती एसव्हीजीमध्ये काढून येथे तिच्यावर हात फिरवणे, हा मधला मार्गही मी अनेकदा पत्करते.

छायांकित भागावरून आणखी एक गोष्ट आठवली. महत्त्वमापनाच्या प्रकरणात वर्तुळखंड किंवा दोन वर्तुळांचा सामाईक भाग काळा करून दाखवावा लागतो आणि त्यासाठी छेद, संयोग, वजाबाकी या क्रिया कामी येतात. या क्रियांनंतर वर्तुळ ‘वर्तुळ’ राहत नाही, त्याचा पाथ, म्हणजे बिंदूंना जोडणाऱ्या वक्र तुकड्यांची रेषा, होतो. त्रिज्येची चौकट नाहीशी होते आणि माप पुन्हा बदलण्याची वाट बंद होते. पाथमधील या तुकड्यांना, म्हणजे बेझिए वक्रांना, खरे वर्तुळ कधीच काढता येत नाही. चार तुकड्यांनी साधलेल्या वर्तुळात त्रिज्येची चूक जास्तीत जास्त सुमारे ०.०२७ टक्के असते. ५० मिमी त्रिज्येला ही चूक ०.०१४ मिमी भरते, आणि आपण रेषाच पाव मिलिमीटर जाडीची काढत असल्याने कागदावर तिचा प्रश्न येत नाही. तरीही मूळ वर्तुळांची एक प्रत वेगळ्या लेयरवर लपवून ठेवावी, कारण प्रश्नातील त्रिज्या छपाईच्या आदल्या रात्री बदलण्याची सवय आपल्याकडे सर्वांनाच आहे.

निर्देशक भूमितीचे आलेख काढणाऱ्यांनी हे जाणून असावे, की १.० आवृत्तीपासून आरंभबिंदू पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय-अक्ष खाली जातो; इंटरफेसच्या प्रेफरन्सेसमध्ये हे उलटवता येते. ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्यांत काढलेल्या फाइली उघडताना मापाविषयी विचारणा झाली, तर घाईने होकार देऊ नये, कारण तेव्हा एका इंचात ९० पिक्सेल धरले जात आणि आता ९६ धरले जातात.

मराठी अक्षरांच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. युनिकोड टंकात ‘परिवर्तुळ’, ‘त्रिज्या’, ‘स्पर्शिका’ ही जोडाक्षरे नीट उमटतात आणि पीडीएफमध्येही टिकतात. युनिकोड नसलेल्या जुन्या डीटीपी टंकांत टंकलेला मजकूर आणून चिकटवला, तर मात्र अगम्य चिन्हांची रांग मिळते, आणि तो सारा मजकूर नव्याने टंकण्यावाचून गत्यंतर नसते.

आता त्या पाच पूर्णांक आठकडे येते. एवढी सगळी काळजी घेऊनही एका वर्षी ६ सेंटिमीटरची त्रिज्या कागदावर ५.८ च भरली. फाइल पुन्हा उघडून मोजली. तिच्यात ६० मिमी बरोबर होते. झेरॉक्सच्या दुकानातील मुलाने पीडीएफ ‘फिट टू पेज’, म्हणजे कागदात मावेल अशी लहान करण्याचा पर्याय, ठेवून छापली होती आणि पान ९७ टक्क्यांवर आले होते. आता मी प्रत्येक पानाच्या तळाशी, समासात, १०० मिमीची एक बारीक रेषा काढून ठेवते. पहिली प्रत निघाली की दुकानातच पट्टी लावते, आणि रेषा दहा सेंटिमीटर भरली तरच बाकीच्या ऐंशी प्रती काढायला सांगते.