स्क्रीनवर १८.६, पंपावर १३.८५: ‘ॲव्हरेज चिप’ने माझे १९,००० रुपये खाल्ले

नाशिकमध्ये डिझेल गाडीवर पोट असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. मी त्र्यंबक, शिर्डी, वणी अशी भाविकांची भाडी मारतो. गाडी बीएस-६, सात सीटर. या धंद्यात जे काही उरतं ते डिझेलमधूनच उरतं, आणि ही माणसं नेमकी तीच नस दाबतात.

अंबडकडच्या एका गॅरेजवाल्याने डिझेलचं ॲव्हरेज वाढवणारी ‘चिप’ म्हणून इंजिनाच्या वायरिंगमध्ये एक डबी बसवली. डबीचे १६,५००, ‘प्रोग्रामिंग’चे २,५००, एकूण १९,००० रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “जीएसटीचे ३,४२० वर जातील भाऊ, कशाला?” बिलाला नाही म्हणणाऱ्याच्या दुकानातून तिथल्या तिथे उठा.

मग त्याने माझ्यासमोर ट्रिप मीटर शून्यावर आणला आणि ओझरच्या दिशेने महामार्गावर चक्कर मारली. लिटरमागे नेहमी १५ किलोमीटरच्या आसपास दाखवणारी स्क्रीन १८ च्या वर गेली. मी म्हटलं, टाकी फुल करून बघू. तो म्हणाला, “स्क्रीन कंपनीची आहे ना भाऊ? तिच्यावरपण विश्वास नाही?” त्याला बरोबर माहीत होतं की त्याची डबी त्या स्क्रीनलाच खोटं बोलायला लावते. मी कंपनीच्या स्क्रीनवर विश्वास ठेवला, गॅरेजवाल्याच्या तोंडावर नाही. यात माझं काय चुकलं ते कोणीतरी सांगावं.

पुढे मुंबई विमानतळाचं भाडं होतं. येताना कसारा घाटात गाडी भरलेली, एसी चालू, आणि जिथे नेहमी तिसरा गिअर लागतो तिथे चौथ्यात सरसर चढली. मागचे लोक म्हणाले, काय पिकअप आहे! मी खूश. तिथेच मला कळायला हवं होतं. ताकद वाढली आणि डिझेल घटलं, दोन्ही एकदम? घाटात जास्तीची ताकद आली कुठून, जास्तीचं डिझेल जळल्याशिवाय? आणखी एक गोष्ट समोर दिसत होती. घोटीच्या पुढे ‘इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा गाडी धावत होती त्यापेक्षा भराभर उतरत होता. त्या आकड्यासाठी टाकीत किती डिझेल उरलंय हे तरंगता सेन्सर सांगतो आणि डबीने त्या सेन्सरला हात लावलेला नव्हता. एकाच स्क्रीनवर एक आकडा खोटं बोलत होता, दुसरा त्याची चुगली करत होता, आणि मी खोट्याकडे बघत बसलो होतो! आजही घाट चढताना हे आठवतं आणि डोकं फिरतं.

टाकी फुल केल्यावर हिशेब लागला. मागच्या फुल टाकीपासून गाडी ६४० किलोमीटर धावली होती. स्क्रीनवरच्या १८.६ च्या हिशेबाने साधारण ३४.४ लिटर बसायला हवं होतं, बसलं ४६.२. म्हणजे १३.८५ चं ॲव्हरेज. डबीच्या आधी हीच गाडी फुल टाकीवर साडेचौदा द्यायची. मी पंपावाल्याशी भांडलो, पाच लिटरचं माप काढायला लावलं (ते मागायचा आपल्याला हक्क आहे, पंपावर ठेवावंच लागतं). माप काठोकाठ भरलं. पंप खरा होता.

नंतर एका जाणत्या मेकॅनिकने उलगडून सांगितलं. किती डिझेल गेलं हे प्रत्यक्ष मोजणारं काही गाडीत नसतं. रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब आणि इंजेक्टर किती वेळ उघडला, यावरून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हिशेब मांडतो. डबी दाबाच्या सेन्सरच्या वायरमध्ये बसते आणि दाब कमी आहे असं कळवते. ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, पण हिशेब कमी दाबाचाच राहतो. काहीजण ईसीयूचा प्रोग्रामच बदलतात, तिथेही मूळ आकडेमोड बिघडली की स्क्रीन फसवते. मोठे टायर टाकले तर अंतरच चुकतं.

जास्तीच्या काजळीने डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने डबी बघून वॉरंटी नाकारली आणि ११,३०० घेतले. एकूण ३०,३०० रुपये. त्याहून जास्त लाज याची वाटते की माझ्या शब्दावर स्टँडवरच्या दोघांनी तीच डबी बसवली. त्यांना तोंड कसं दाखवू?

पोलीस ठाण्यात गेलो तर “हा दिवाणी मामला आहे.” अर्जाची पोच द्यायलाही तयार नव्हते, साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणे. दुसऱ्या कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने मलाच कलम ऐकवलं: गाडीत परवानगीशिवाय बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि विकणारा? त्याचं काय? “ते आमच्याकडे येत नाही.” उघड्यावर पाटी लावून, रील टाकून माल विकणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि लुटला गेलेला माणूस तक्रार घेऊन गेला की त्यालाच आरोपी करतात! मग कोण जाईल तक्रार करायला? यांच्या याच उत्तरांवर त्या गॅरेजवाल्याचा धंदा चालतो. मी परत गेलो तेव्हा तो हसत म्हणाला, “जा ना भाऊ, करा तक्रार.”

केली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून जोडतोय, तुमच्याकडे असेल ते पुसू नका. डबी काढाल तर फेकू नका, आधी वायरिंगसकट फोटो घ्या. आणि तुमच्यापैकी कोणी अशीच डबी बसवली असेल तर पंपाच्या पावत्या किलोमीटर लिहून जपून ठेवा आणि मला भेटा. आम्ही तिघं आहोत, एकत्र दाखल करू.