घरच्या भिंतीवर नव्वद वर्षांचा सिनेमा : प्रोजेक्टर वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत प्रोजेक्टर घेतला, आता श्रावण लागलाय. एवढ्या महिन्यांत आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांपासून यंदाच्या ओटीटीवरच्या थरारपटांपर्यंत बरंच काही उमटलं. घ्यायच्या आधी दुकानदार आणि परीक्षणाचे व्हिडिओ करणारे एकच सांगत होते : मारधाड बघा, अंतराळ बघा, क्रिकेट बघा. माझं मत वेगळं झालंय. वीस हजारांच्या आतला प्रोजेक्टर सर्वांत जास्त देतो तो जुन्या, कृष्णधवल सिनेमाला. नव्यात तो अनेकदा कमी पडतो. असं का, तेच सविस्तर लिहिते.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. एलईडी दिव्याचा, एका एलसीडी पॅनेलचा, फुल एचडी. खोक्यावर हजारोंनी लुमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात, त्यांना भुलू नका. ठरावीक पद्धतीनं मोजलेले आन्सी लुमेन किती ते विचारा, तोच आकडा धरून चाला. आमच्याचे चारशेच्या आसपास आहेत. रात्री दिवे मालवले की तेवढे पुरतात. दुपारी जाड पडदे ओढूनही चित्र फिकट दिसतं, त्यामुळे दिवसा आम्ही टीव्हीच लावतो. शंभर इंचांच्या चित्रासाठी भिंतीपासून साधारण साडेनऊ फूट अंतर लागतं. वन बीएचके किंवा जुन्या चाळीतल्या खोलीत राहत असाल तर टेप घेऊन आधी ते मोजा. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवता येत नसेल तर तिरपं चित्र सरळ करायची कीस्टोनची सोय असते, पण ती वापरली की चित्राचा धारदारपणा जातो. आम्ही मागच्या भिंतीवर मधोमध फळी ठोकून घेतली आणि कीस्टोन बंदच ठेवला.

आता चौकटीचं गणित. शंभर इंची चित्र रुंदीला सव्वासात फूट आणि उंचीला चार फूट होतं. 1930 ते 1950च्या काळातले बहुतेक सिनेमे 1.37 : 1 (रुंदी : उंची) या जवळजवळ चौकोनी मापाचे. ते लावले की उंची पूर्ण चार फूट राहते आणि रुंदी साडेपाच फुटांवर येते. उलट सिनेमास्कोप, म्हणजे 2.35 : 1 चा सिनेमा लावला की रुंदी पूर्ण मिळते पण उंची तीन फुटांवर उतरते. म्हणजे घरच्या भिंतीवर जुन्या सिनेमातला माणसाचा चेहरा नव्या भव्य सिनेमातल्या चेहऱ्यापेक्षा सहज मोठा दिसतो. टीव्हीवर हा फरक मला कधी जाणवला नव्हता, कारण तिथे सगळंच लहान.

‘संत तुकाराम’ (1936) मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला होता आणि लक्षात राहिले ते फक्त चमत्कार. दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे शाळेत घोकलेलं. भिंतीवर पाहिला तेव्हा चमत्कार बाजूला राहिले आणि गौरीबाईंची जिजाई समोर आली. मुलगा आजारी आहे, नवरा भजनात आहे, आणि ही बाई पायातली वहाण हातात घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात जाते. चार फूट उंचीच्या चौकटीत तिचा राग, थकवा, घरात दाणा नसल्याची काळजी हे सगळं एकाच वेळी दिसतं. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचे डोळे तर इतके शांत आहेत की त्या दोघांचा संसार कसा चालत असेल याचा विचार मी दोन दिवस करत होते. या सिनेमाला मी भक्तिपट म्हणून ओळखत होते. आता मला तो मराठीतल्या उत्तम संसारपटांपैकी एक वाटतो.

‘कुंकू’ (1937) त्याच आठवड्यात लावला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी या सिनेमात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा आणि तो नवरा यांच्यात जी शांतता असते, ती संगीत नसल्यामुळे अंगावर येते. नीरा झालेल्या शांता आपटे ज्या ठामपणे ‘नाही’ म्हणतात ते पाहून माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “हा पिक्चर खरंच नव्वद वर्षांपूर्वीचा आहे?” त्यानं स्वतःहून विचारलेला हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

इथेच आवाजाबद्दल सांगून टाकते. प्रोजेक्टरमधला स्पीकर बाद धरा. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आवाज ओठ हलल्यावर किंचित उशिरा येतो, आणि संवादप्रधान मराठी सिनेमात ते सहन होत नाही. आम्ही घरातला जुना स्टिरिओ वायरनं जोडला. जुन्या सिनेमाचा ध्वनी मोनो, म्हणजे एकाच जागेवरून येणारा असतो, म्हणून त्यासाठी मी दोन्ही स्पीकर चित्राच्या खाली मधोमध जवळजवळ आणून ठेवते. मग आवाज माणसाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो.

पंख्याचा आवाज ही या वर्गातल्या सगळ्याच प्रोजेक्टरांची अडचण. गाणी, पाऊस, लढाई चालू असताना कळत नाही. ‘सैराट’चा (2016) शेवट मात्र पूर्ण नि:शब्द आहे. त्या लहान बाळाची रक्ताची पावलं फरशीवर उमटतात आणि रडण्याचाही आवाज नाही. थिएटरमध्ये त्या क्षणी पाचशे माणसांनी श्वास धरलेला मी अनुभवला होता. घरी त्या जागी पंख्याची घरघर ऐकू आली आणि फार वाईट वाटलं. फळी डोक्याच्या बरीच वर सरकवल्यावर ती कमी झाली. गेली नाही.

आता मला सर्वांत जास्त जे सांगायचंय ते. ‘टोकियो स्टोरी’ (1953) हा यासुजिरो ओझूंचा जपानी सिनेमा. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, म्हणून ती त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे पाठवून देतात. एवढीच गोष्ट. ओझू कॅमेरा फार खाली ठेवतात, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही किंचित खाली. आमच्याकडे चित्राची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर आहे आणि आम्ही सतरंजीवर बसतो. त्यामुळे त्या घरातली माणसं आणि आम्ही एकाच बैठकीत बसलोय असं वाटलं. सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहताना हे झालं नव्हतं. ओझू बघायचा असेल तर जमिनीवर बसा, हा माझा अगदी मनापासूनचा सल्ला.

सासूबाईंना इंग्रजी उपशीर्षकं वाचता येत नाहीत, म्हणून मी हलक्या आवाजात मराठीतून सांगत होते. पाऊण तासानं त्या म्हणाल्या, “तू बोलतीस तवा त्यांचा आवाज ऐकू येईना. राहू दे.” मी थांबले. अतामीला रात्रभर गोंगाटात झोप न झालेली ती म्हातारी सकाळी समुद्राकाठच्या बांधावरून उठताना तिला जरा भोवळ येते. सासूबाई लगेच म्हणाल्या, “आता ही जाणार.”  भाषा न कळता त्यांनी तो सिनेमा माझ्या आधी वाचला. पुढे थोरल्या मुलीनं आईची कोणती वस्त्रं आपल्याला हवीत ते सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. शेवटी माझ्या मुलानं खोलीतल्या पंख्याचा वेग वाढवायला हात उचलला तेव्हा त्याला हातानंच थांबवलं. जात, धर्म, देश, काळ यांतलं काहीही मध्ये आलं नाही, हे मी माझ्या घरात घडताना पाहिलं.

त्यानंतर ‘सेव्हन सामुराय’ (1954) हा जपानीच सिनेमा दोन रात्रींत पाहिला, कारण तो जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. शेवटची पावसातली, चिखलातली लढाई मुलानं पुन्हा मागे नेऊन पाहिली. त्याचं आवडतं झालेलं दृश्य मात्र लढाईचं नाही. गावकरी रक्षणाला आलेल्या सामुराई योद्ध्यांना भात देतात आणि स्वतः भरड खातात, ते त्याला विसरता येत नाही.

‘कागज के फूल’ (1959) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा तो प्रकाशझोत छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करून साधला. काळा-पांढरा रंग आणि रुंद चौकट असं दोन्ही असलेला हा सिनेमा भिंतीवर डोळे भरून बघण्यासारखा आहे. गोष्ट मला आजही थोडी पसरट वाटते, पण त्या झोतासाठी मी तो पुन्हा लावेन. ‘शोले’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ सोसायटीतल्या मुलांना बोलावून दाखवले. विनोदी सिनेमाला मोठ्या चित्रापेक्षा माणसं जास्त लागतात. खोली भरलेली असली की पाठ असलेल्या संवादांनाही नव्यानं हसू फुटतं.

मग नव्या सिनेमात कुठे अडतं? काळोखात. एलसीडी पॅनेल प्रकाश पूर्ण अडवू शकत नाही, त्यामुळे काळ्याच्या जागी राखाडी दिसतो. जुन्या कृष्णधवल सिनेमात चेहऱ्यावर भरपूर उजेड टाकलेला असतो, मधल्या करड्या छटा खूप असतात, म्हणून हा दोष झाकला जातो. ‘तुंबाड’मध्ये (2018) कंदिलाच्या उजेडातली दृश्यं आहेत, तिथे भिंती, माणसं, अंधार सगळं एकाच धुक्यात गेलं. पावसाची दृश्यं मात्र सुंदर दिसली. ‘कोर्ट’चा अनुभव मिश्र आला. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवून न हलवता पाहत राहतात. मोठ्या चित्रात कोर्टाच्या खोलीतल्या कडेकडेच्या माणसांकडे नजर जाते, जांभई देणारा, फाइल चाळणारा, दाराशी उभा असलेला. टीव्हीवर ही माणसं मला दिसलीच नव्हती. पण सुट्टी लागल्यावर त्या खोलीतले दिवे मालवतात आणि अंधार होतो, तो अंधार आमच्या भिंतीवर पडलाच नाही. भयपट आणि गडद थरारपट हीच तुमची आवड असेल तर हा वर्ग घेऊ नका, पैसे साठवून चांगल्या कॉन्ट्रास्टचा, म्हणजे काळं काळंच दाखवणारा घ्या.

पाऊस सुरू झाल्यावर चित्रात उजवीकडे एक धुरकट ठिपका दिसू लागला. आत धूळ गेली होती. सेवा केंद्रात फोन करून करून कंटाळा आला, शेवटी गावातल्याच एका जाणत्या दुरुस्तीवाल्यानं उघडून साफ करून दिला. घेताना आतला प्रकाशमार्ग धूळबंद आहे का, एवढं नक्की विचारा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

सेटिंगमध्ये दोनच गोष्टी करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर बंद करा, तिनं प्रभातचा सिनेमाही मालिकेसारखा दिसतो. आणि इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या स्टिकमध्ये मूळ फ्रेम रेट राखण्याचा पर्याय चालू करा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा, स्टिक पाठवते 60, आणि 60 ला 24 नं पूर्ण भाग जात नाही. म्हणून कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं.

एवढं सगळं जमवूनही जुन्या मराठी सिनेमाची बरी प्रत मिळणं हीच खरी अडचण राहते. इंटरनेटवर मिळणाऱ्या कित्येक प्रती रुंद टीव्ही भरावा म्हणून दोन्ही बाजूंनी ताणलेल्या असतात, नाहीतर वरून-खालून कापलेल्या. ताणलेल्या एका प्रतीत दुर्गाबाई खोट्यांचा चेहरा पाहून मी दोन मिनिटांत सिनेमा बंद केला. कापलेल्या प्रतीत नर्तकीची पावलं जातात, आणि तमाशापटात पावलंच गेली तर उरतं काय? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं काम 1964 पासून चालू आहे, अलीकडे जुन्या चित्रपटांचं डिजिटल पुनरुज्जीवनही होतंय. ते घरोघर योग्य मापात पोचावं म्हणून प्रेक्षकांनी मागणी लावून धरायला हवी. तोपर्यंत सिनेमा सुरू करण्याआधी एखादी गोल वस्तू दिसते का बघा, घड्याळ, थाळी, बैलगाडीचं चाक. ती अंडाकृती दिसली तर दुसरी प्रत शोधा. आणि चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंना भिंत मोकळी दिसली तर ती तशीच राहू द्या, भरायला जाऊ नका.