सोनेरी डॅलेक सम्राट: चित्रकथांचा संग्रह वाचताना

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतील डॅलेकांवरच्या, म्हणजे यंत्राच्या कवचात राहणाऱ्या खलनायकी जीवांवरच्या, जुन्या चित्रकथांचा संग्रह मी ऑनलाइन मागवला. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नसल्याने तो घ्यायला ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत आर्वीला जावे लागले, आणि विक्रेत्याने साध्या पाकिटात कोंबल्यामुळे त्याचा एक कोपराही दुमडलेला निघाला. मजकूर मात्र पैसे वसूल करणारा आहे.

१९६५ ते १९६७ या काळात एका ब्रिटिश साप्ताहिकात दर आठवड्याला एक पान याप्रमाणे १०४ भागांत आलेल्या या कथेत मालिकेचा नायक डॉक्टर कुठेच नाही. खलनायकच नायक आहे. न्यूट्रॉन बॉम्बच्या स्फोटानंतर उरलेला एक विकृत जीव यंत्राच्या कवचात शिरतो, वाचलेल्या शास्त्रज्ञाकडून आणखी कवचे घडवून घेतो आणि स्वतःसाठी सोनेरी कवच बनवून सम्राट होतो. त्याचे ते भलेमोठे गोल डोके पाहून माझा पुतण्या म्हणाला, “काका, हे तर आपल्या घरचं गुंडच हाय!” घासूनपुसून लख्ख केलेले पाण्याचे गुंड मलाही तेव्हापासून तसेच दिसते.

मालिकेत सम्राट १९६७ मध्ये आला, तोही नळ्यांनी जखडलेला आणि जागचा न हलणारा. चित्रकथेतला मात्र स्वतः हिंडतो, डाव आखतो. पुढे १९८८ मध्ये मालिकेने तसेच गोल डोके पडद्यावर आणले, पण आत मालिकेतील डॅलेकांचा निर्माता डॅव्हरॉस निघाला. चित्रकथेतील डॅलेक-जनक याहून निराळा आहे, त्यामुळे दोन्ही जुळवू पाहणाऱ्याचा गोंधळ होईल. उत्तरार्धातील रंगचित्रे अधिक सरस आहेत.