दारव्ह्यातली पडद्याची तपासणी

मायले शुगर, डाव्या डोळ्यानं सरळ ओळ वाकडी दिसे. म्हणून इथं ओसीटी केली, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) थरांचा उजेडानं काढलेला फोटो. मशीन डोळ्याला लागतसुद्धा नाही. फोटोत पडद्याच्या मधोमध पाण्याचे काळे फुगे दिसले. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवून समजावलं: पडद्यात आरपार उभ्या म्युलर पेशी जास्तीचं पाणी काढतात, शुगरनं त्या बिघडल्या की पाणी साचायला लागतं. १८५१ मध्ये हाइनरिख म्युलरनं त्यांचं वर्णन केलं. जर्मनीतल्या लाइपझिगचे संशोधक आंद्रेआस राइशेनबाख यांनी कित्येक वर्षं याच पेशींवर घातली. २००७ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, त्या ऑप्टिकल फायबरसारख्या उजेड आत नेतात. मोठा माणूस! मायनंही मन लावून ऐकलं. बाहेर सावली मात्र नाही, म्हातारी माणसं उन्हात ताटकळतात. सकाळीच नंबर लावा.