फेस झाला होता, ‘बोर्ड गेला’ सांगून ८,९०९ रुपये नेले

आकडा आधी सांगतो. ८,९०९ रुपये. व्हिजिट ४४९, ‘बोर्ड रिपेअर’ (बोर्ड म्हणजे मशिन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) ५,८५०, ‘नवा सेन्सर’ १,६५०, खार काढायच्या पावडरीची दोन पाकिटं ९६०. एवढं देऊन वॉशिंग मशिनचा एक स्क्रूसुद्धा बदलला गेला नाही. बिघाड साबणाच्या फेसाचा होता आणि नंतर तो मी गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने अर्ध्या तासात काढला.

गुगलवर सगळ्यात वर दिसलेला नंबर, कंपनीसारखंच नाव, तासाभरात दारात गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस. हे कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. पण जुलैचा पाऊस, नेरूळमधलं दोन खोल्यांचं घर, बादल्यांत दोन दिवसांचे साबणाने बुळबुळीत झालेले कपडे आणि घरात तापाने झोपलेलं माणूस. अशा वेळी कोणी नंबर पडताळत बसत नाही. नंबर मशिनवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरूनच घ्या, हे मी आज सांगतोय.

मला लागलंय ते वेगळ्याच कारणाने. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं टाक्यांची लेव्हल मोजणारी उपकरणं सांभाळतो, आणि मशिनमधला पाण्याचा सेन्सर त्याच जातीचा आहे. फ्रंट लोडच्या टबाच्या तळाशी एक पोकळ डबी असते. पाणी चढलं की तिच्यातली हवा दाबली जाते आणि तो दाब बारीक रबरी नळीतून वरच्या सेन्सरपर्यंत पोचतो. आतला पडदा हलतो, कॉइलची फ्रिक्वेन्सी बदलते, त्यावरून बोर्डाला पाण्याची पातळी कळते. पाणी स्वच्छ की साबणाचं, हे त्याला कळत नाही. गढूळपणा प्रकाशाने तपासणारा वेगळा सेन्सर काही महागड्या मॉडेलांत असतो, त्यात रिन्स त्यानुसार कमीजास्त होते. माझ्या मशिनमध्ये तो नाही. रिन्स ठरलेल्या तीन.

फेस मात्र साध्या मशिनलाही ओळखता येतो. पंप चालू असूनही दाब रिकाम्या टबाइतका उतरत नाही, स्पिनचा वेग वाढताना पुन्हा पाणी असल्यासारखं दिसतं, किंवा ड्रम आणि टब यांच्यामध्ये फेस अडकून मोटरवर ओढ येते. फेस म्हणजे बहुतेक हवाच, त्यामुळे पंप नुसता गुरगुरतो, बाहेर काही जात नाही. मग बोर्ड स्पिन थांबवतो, फेस बसू देतो, पुन्हा पाणी घेतो, काढतो, पुन्हा फिरवून बघतो. म्हणून तर आमच्या मशिनवरचं उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ १४ मिनिटांवर अडकून बसलं होतं. इतकं करूनही जमलं नाही की ‘एसयूडी’सारखा कोड येतो. म्हणजे दार लॉक होतंय, पाणी घेतलं जातंय, ड्रम दोन्ही बाजूंनी फिरतोय आणि फेसाचा कोडही येतोय. हे सगळं बोर्डच करत असतो. तो गेलेला असता तर कोड दिला कोणी?

तो मेकॅनिक आला तेव्हा शेवटची रिन्स होऊन वीस मिनिटं झाली होती आणि काचेमागे बोटभर पांढरा फेस तसाच उभा होता. त्याने दार उघडलं, माझ्याकडून फडकं मागून घेतलं, फेस पुसला, फडकं परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “काका, बोर्ड गेलाय.” चिकट फडकं माझ्या हातात होतं. तेव्हाच त्याला दार दाखवायला हवं होतं. तो क्षण डोक्यातून जात नाही.

पावडर कोणती, माप किती, पाणी कुठलं, हे त्याने विचारलं नाही. खालची झडप उघडून पंपाचा फिल्टर बघितला नाही. नळी काढून बघितली नाही. मशिन ओळखणाऱ्या मेकॅनिकची पहिली पाच मिनिटं यातच जातात. जो हे न करता थेट बोर्डाकडे वळतो, त्याला तिथेच थांबवा.

त्याने बोर्ड काढून पारदर्शक रेझिनमधला एक तपकिरी डाग दाखवला. “हे बघा, जळालंय.” मी फोटो काढला. हे बोर्ड रेझिनमध्ये बुडवलेले असतात. आतला भाग बदलायचा तर रेझिन कापावंच लागतं. ३,००० आगाऊ घेऊन तो बोर्ड घेऊन गेला. दोन दिवसांनी आणून बसवला, त्याची खार काढायची पावडर टाकून रिकामं मशिन चालवलं. ते व्यवस्थित चाललं. चालणारच, कपडे नाहीत, साबण नाही, फेस येणार कुठून! मी बाकीचे पैसे यूपीआयने दिले. दुरुस्तीनंतरची चाचणी आपल्या कपड्यांवर, आपल्या नेहमीच्या साबणाने करून घ्या, पैसे त्यानंतर.

तिसऱ्या धुण्याला पुन्हा १४ मिनिटं. बोर्ड बाहेर काढून फोटोशी ताडला. रिलेजवळ रेझिनला चिकटलेली एक मुंगी होती, ती तिथेच. रेझिनला ब्लेडचा ओरखडाही नाही. ‘नवा’ सेन्सरही जुनाच, फक्त पुसलेला.

खरं कारण पाण्यात होतं. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत होते, बोअरचं जड पाणी. फेस येईना म्हणून एका मापाची पावडर अडीच मापांवर गेली. पावसाळ्यात मोरबे धरणाचं पाणी पुन्हा पूर्ण दाबाने सुरू झालं. धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ, पण माप अडीचच राहिलं. त्यात पावडर बादलीत धुण्याची, भरपूर फेसाची. फ्रंट लोडला कमी फेसाचीच लागते.

बिघाड ओळखायचा तर साबण न घालता रिकाम्या मशिनवर रिन्स आणि स्पिन लावा. नीट पूर्ण झालं आणि काचेवर आधीच्या साबणाचा फेस दिसला, तर माप चुकतंय. रिकाम्यालाही अडकलं, तर फिल्टर, पंप किंवा ती डबी बघा. माझ्याकडे दोन्ही कारणं होती. डबीच्या तोंडावर राखाडी साय जमली होती. त्यामुळे पाणी गेल्यावरही हवा कधीकधी आत कोंडून राहायची आणि सेन्सरला टबात पाणी आहे असंच वाटायचं. प्लग काढा, नळ बंद करा, नळी सेन्सरपासून सोडवा, मगच डबीच्या दिशेने हलकेच फुंका. सेन्सरमध्ये कधीही फुंकू नका, पडदा जातो.

आता दाद मागायची गोष्ट. कंपनी म्हणाली, तो नंबर आमचा नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस चौकीत अडीच तास बसवून विचारलं, “मशिन चालू झालं होतं ना? मग फसवणूक कसली?” सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता, ही चौकीची बाब. पुन्हा चौकीत गेलो तर ज्यांनी ऐकलं होतं ते साहेब रजेवर, नव्याने सगळं सांगा. मुंगीचे दोन्ही फोटो समोर धरले, मोबाइल हातात न घेताच “अर्ज देऊन जा” म्हणाले. पोच मागितली तर शिक्का नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण नोटीस पाठवायची कोणत्या पत्त्यावर? बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता म्हणून नुसतं ‘नवी मुंबई’. बिल हातात आल्या आल्या मी ते वाचलं नाही, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. तुम्ही त्याच्यासमोर वाचा.

दुसऱ्या अर्जाला तो नंबर, बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बोर्डाचे दोन्ही फोटो जोडलेत. मुंगीभोवती लाल पेनाने गोल केलाय. सोमवारी पुन्हा जातोय, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.