दोन ट्रान्सड्यूसर, त्यांतला एक नुसताच चिकटवलेला: अल्ट्रासॉनिक क्लीनर घेताना झालेली फसवणूक

अल्ट्रासॉनिक क्लीनर म्हणजे टाकीतल्या पाण्याला अतिवेगवान कंपने देऊन वस्तूंचा मळ काढणारे यंत्र. त्याच्या जाहिरातीतला एकही महत्त्वाचा आकडा डोळ्यांना दिसत नाही. ड्रिल मशीन कमी ताकदीचे निघाले तर भिंतीत पहिले भोक पाडतानाच ते कळते. या यंत्राचे तसे नाही. बटण दाबले, पाण्यातून चरचर आवाज आला आणि वर थोडे बुडबुडे दिसले, की सारे ठीक चालले आहे असेच वाटते. वॅट किती, किलोहर्ट्झ किती, टाकीच्या तळाला काय बसवले आहे, हे सगळे पत्र्याआड झाकलेले असते आणि लबाडीला जागा मिळते ती तिथेच. माझ्या बाबतीत ती कशी झाली आणि कशी उघडकीला आली, ते इतरांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जुन्या स्कूटरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा मला छंद आहे. चेतकसारखी गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट, पिवळट थर पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी नळीत, घट्ट बसतो. या जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तार घालून ते मोकळे करायला गेले तर पितळ खरवडले जाते, भोक मोठे होते आणि त्यानंतर आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे, जमवताना नाकीनऊ येतात. अशा कामाला अल्ट्रासॉनिकला तोड नाही. ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेचे कंपनांत रूपांतर करणारा भाग, टाकीचा तळ सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा थरथरवतो, त्यामुळे पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन क्षणात कोसळतात आणि त्या कोसळण्याचा धक्का ब्रश किंवा तार पोहोचत नाही अशा बोळांमधला मळ सुटा करतो.

मी ऑनलाइन मागवलेल्या यंत्राचे वर्णन असे होते: स्टेनलेस स्टीलची ३ लिटरची टाकी, दोन ट्रान्सड्यूसर, ४० किलोहर्ट्झ, १२० वॅट अल्ट्रासॉनिक शक्ती, १०० वॅटचा हीटर. किंमत साडेआठ हजारांच्या घरात होती. ४० किलोहर्ट्झचा एक ट्रान्सड्यूसर साधारणपणे ५० ते ६० वॅटचा असतो, त्यामुळे दोन ट्रान्सड्यूसर आणि १२० वॅट हा हिशेब बरोबर बसत होता. ‘दहा मिनिटांत पाणी ६० अंश’ हा दावा मात्र मुळीच बसत नव्हता. ३ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४४० किलोज्यूल ऊर्जा लागते. ती दहा मिनिटांत द्यायची तर हीटर ७३० वॅटचा हवा. १०० वॅटच्या हीटरला, वाया जाणारी उष्णता हिशेबात न धरताही, सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. मी किटलीतले गरम पाणीच ओतणार असल्यामुळे या थापेने माझे काही अडणार नव्हते. परंतु जिथे एक आकडा असा उघड खोटा आहे, तिथे उरलेले आकडे परतीच्या मुदतीच्या आत तपासायचेच, हे मी मागणी नोंदवतानाच ठरवले होते.

तपासणीला महागडे काही लागत नाही. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. टाकी खुणेपर्यंत भरून, भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकून यंत्र पाच-दहा मिनिटे नुसते चालू ठेवावे, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. ही हवा राहिली तर चांगले यंत्रसुद्धा मंद वाटते आणि विक्रेत्याला आयते निमित्त मिळते. मग टाकीच्या लांबीएवढी फॉइलची पट्टी तळाला टेकणार नाही अशी उभी सोडावी आणि मिनिटभर यंत्र चालवावे. यंत्र चांगले असेल तर पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरकुतते आणि तिला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडतात. भोकांचे आडवे पट्टे उमटले तर त्यांच्यातले अंतरही मोजून ठेवावे, कारण पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्यामुळे ४० किलोहर्ट्झला हे अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी येते.

माझी पट्टी बाहेर काढली तेव्हा तिचा डावा अर्धा भाग चाळणीसारखा झाला होता आणि उजवा अर्धा भाग गुंडाळीतून नुकताच फाडून घेतल्यासारखा गुळगुळीत, चकचकीत होता. पट्टी उलटी फिरवून आणि नवी लावून पाहिली तरी भोके टाकीच्या डाव्या बाजूलाच पडत होती. हीटर बंद ठेवून प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर वीज मोजली, तर आकडा पंचावन्न वॅटच्या आसपास घुटमळत राहिला. म्हणजे १२० वॅटच्या जागी निम्मेही नाहीत, आणि हा आकडा भिंतीतून घेतलेल्या विजेचा. पाण्यात पोहोचणारी शक्ती त्याहून कमीच असणार.

याहून गंभीर बाब वेगळीच निघाली. टाकीच्या काठाला टेस्टर टेकवला की त्याचा दिवा मंद पेटत होता. प्लग तीन पिनांचा होता खरा, पण मल्टिमीटरने पाहिले तर अर्थिंगची पिन आणि टाकी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. पाण्याने भरलेली धातूची टाकी, ओले हात आणि अर्थिंग नाही, हा प्रकार कमी वॅटपेक्षा कितीतरी वाईट आहे. सफाई कमी झाली तर जेट पुन्हा धुता येतो.

फॉइलचे फोटो आणि मीटरचे चित्रीकरण मी त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवले. आधी उत्तर आले की पाणी कमी घातले असेल. मग सांगण्यात आले की १२० वॅट हे ‘पीक’ वॅट आहेत. या धंद्यात क्षणिक कमाल शक्तीचा आकडा छापण्याची पद्धत आहे हे खरे. पण वर्णनात तसा एकही शब्द नव्हता आणि अर्धी टाकी निर्जीव का, याचे उत्तर कुठल्याही ‘पीक’मध्ये सापडत नाही. त्यानंतर वेगळ्या कोनातून चित्रीकरण मागितले, मग यंत्राच्या क्रमांकाचा फोटो, मग बिलाची प्रत. प्रत्येक उत्तर अत्यंत नम्र आणि परतीची मुदत थोडी थोडी खाणारे. मी परतीची विनंती संकेतस्थळावर मुदतीच्या आतच नोंदवली होती, तरी ती ‘वस्तूत दोष आढळला नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी नाकारली गेली. फोनवरच्या गृहस्थांनी तर कडी केली. सफाई कमी वाटत असेल तर टाकीत थोडे पेट्रोल किंवा थिनर घाला, कार्ब्युरेटर आरशासारखा निघेल, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला कोणीही, कधीही पाळू नये. टाकीच्या खालीच हीटर आणि उच्च दाबाचे सर्किट असते, पेट्रोलची वाफ जड असल्यामुळे खाली उतरते आणि ठिणगी पडायला एक सैल जोड पुरतो. या टाकीत पाणी आणि त्यात मिसळणारा सौम्य क्लीनर यांखेरीज काही घालू नये. कॉस्टिकयुक्त क्लीनरही टाळावा, कारण कार्ब्युरेटरचे ओतीव अंग त्यात काळे पडते.

परतावा नाकारल्याचे लेखी आल्यावर, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्या एका शेजाऱ्यांना सोबत घेऊन आणि सलग चित्रीकरण चालू ठेवून मी तळाचे झाकण उघडले. आत दोन ट्रान्सड्यूसर होते. डावा तळाला नीट चिकटवलेला आणि चालू. उजव्याची सिरॅमिक चकती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडकलेली होती आणि त्याला वायर जोडलेलीच नव्हती. सर्किटकडून आलेल्या वायरींची टोके काळ्या टेपने व्यवस्थित गुंडाळून बाजूला दाबून बसवली होती. वाहतुकीत तुटलेली वायर आपली आपण टेप गुंडाळून घेत नाही. जाहिरातीत ‘दोन ट्रान्सड्यूसर’ लिहिले होते आणि मोजले तर ते दोनच भरत होते, इतकी काळजी मात्र घेतलेली होती. अर्थिंगची हिरवी वायर आत येऊन तशीच मोकळी सोडलेली होती. टाकीला तिच्यासाठी स्क्रूसुद्धा नव्हता.

पुढे कामाला आला तो कायदा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. आणि संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. ग्राहक सेवेच्या चॅटमध्ये घसा कोरडा करण्यापेक्षा या अधिकाऱ्याच्या नावे, नियमाचा उल्लेख करून, फॉइल, वॅटमीटर आणि टेप गुंडाळलेली वायर अशी तीनच छायाचित्रे जोडून ईमेल पाठवावा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच ईमेलमध्ये द्यावा. मी हेच केले आणि यंत्राची पूर्ण किंमत परत मिळाली. ती मिळाली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तिथे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

याहून स्वस्तात ‘अल्ट्रासॉनिक’ म्हणून विकली जाणारी, यूएसबीवर किंवा सेलवर चालणारी प्लॅस्टिकची डबी असते. तिच्यापैकी बऱ्याच डब्यांत ट्रान्सड्यूसर नसतोच. मोबाइलला थरथरवणाऱ्या मोटरीसारखी एक लहान मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेले वजन असते आणि त्याच्या हेलकाव्याने पाणी नुसते हलते. फॉइल मिनिटभर ठेवली तरी तिच्यावर सुरकुतीही उमटत नाही. चष्मा विसळायला ती ठीक आहे, जेटला नाही.

दुसरे यंत्र मी दुकानातून घेतले आणि पैसे देण्याआधी तिथेच पाणी भरून फॉइल लावून दाखवायला सांगितले. दुकानदारांनी तोंड जरा वाकडे केले, पण दाखवले. अर्थिंग माझ्याच मल्टिमीटरने तपासले. आता एवढेच पथ्य पाळावे लागते की कोणताही भाग तळाला टेकू द्यायचा नाही, जाळीच्या बास्केटमध्येच ठेवायचा आणि टाकी कोरडी असताना बटण दाबायचे नाही.

मला विकलेले यंत्र त्याच संकेतस्थळावर नव्या नावाने, त्याच छायाचित्रांसह पुन्हा विक्रीला आले आहे आणि त्याची शक्ती आता १५० वॅट झाली आहे. खालचे अभिप्राय एखाद्या जुन्या वस्तूच्या पानावरून ओढून आणलेले दिसतात, कारण त्यांतल्या एका बाईंनी झाकण घट्ट बसते आणि चटणी बारीक होते असे लिहून पाच तारे दिले आहेत.